वहिनींचं गाऱ्हाणं

ज्ञानाला खरी शोभा नम्रतेनेच येते. हे वाक्य कुठल्याही शाळेच्या भिंतीवर सापडेल. बहुधा ज्या भिंतीपाशी मुलांना अंगठे धरून उभं करतात, तिच्यावर. मी आयुष्यात बरीच नम्र माणसं पाहिली. तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांची नम्रता वरच्या माणसापुढे वाकायच्या कामी येते. वरच्या माणसाला टोचणारी नम्रता मी एकाच व्यक्तीकडे पाहिली.

चष्मा काढायचा, पदराने पुसायचा, परत डोळ्यांवर ठेवायचा आणि समोरच्याकडे सरळ बघून म्हणायचं, "ठाऊक नाही." आपण सगळे हे दोन शब्द खाली मान घालून म्हणतो. वहिनी ते ट्रॅफिक हवालदाराने 'लायसन' म्हणावं तसे म्हणायच्या.

वहिनी हे काही सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकिणीला शोभणारं संबोधन नव्हे. पण कंपनीत पहिला नोकरीला लागला तो त्यांचा चुलतदीर. तो वहिनी म्हणायचा, म्हणून मागून आलेले आम्ही म्हणू लागलो, मग गिऱ्हाइकं म्हणू लागली. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं प्रोग्रॅम लिहून, सासऱ्यांचं आजारपण निघालं म्हणून त्या रत्नागिरीला आल्या आणि अठ्ठ्याण्णव साली झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी पाटी लावली. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायची पद्धत होती. आत देव नव्हता, एसी होता. पण वागणूक तीच. वहिनी मुद्दाम चपला घालून आत जायच्या. कुणी बिचकून पायांकडे पाहिलं तर म्हणायच्या, "घाबरू नका, तो काही कोपणार नाही. कोपला तर बंद करून चालू करू."

मी तिथे लागलो तो मराठीसाठी. त्याआधी एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायचो. साप्ताहिक शुद्ध मराठीत बंद पडलं. वहिनींना पडद्यावरचा मजकूर मराठीत लिहिणारं कुणीतरी हवं होतं. मी पहिल्याच आठवड्यात बटणांवर 'प्रविष्टी करा' आणि 'निरस्त करा' असं लिहून दिलं. वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे." 'छान आहे' ही त्यांच्याकडची शिवी होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला रिक्षात घातलं आणि एका पतसंस्थेत नेऊन तिथल्या कारकुनाशेजारी बसवलं.

कारकुनाने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. "निरस्त म्हणजे?"

"म्हणजे, केलेलं नको असेल तर."

"मग 'नको' लिहा की हो. भांडायचंय का कुणाशी?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी बटणावर 'नको' आलं आणि माझ्या शब्दकोशातलं पहिलं पान गळालं.

त्यांची काम करायची रीतच ती होती. थोडंसं करायचं, अर्धकच्चं, आणि ते उचलून ज्याला वापरायचं आहे त्याच्यापुढे नेऊन ठेवायचं. लॅपटॉप तेव्हा आम्ही जाहिरातीत पाहिला होता. वहिनी रिक्षात बसायच्या, मांडीवर सीपीयू, पायाशी चादरीत गुंडाळलेला मॉनिटर. लोकांना वाटायचं, कॉम्प्युटर दवाखान्यात चाललाय.

मी एकदा म्हटलं, "अर्धवट काम दाखवू नये म्हणतात."

"पूर्ण झाल्यावर दाखवलं तर लोक भिडेने बरं म्हणतात. अर्धवट असलं की नावं ठेवतात. आणि नावं ठेवण्यात रत्नागिरीकर जगात कुणाला हार जायचा नाही. आपला कच्चा माल आहे तो."

दोन हजार साल उगवताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी बातमी होती. इतर कंपन्यांची माणसं गावोगाव फिरून सीपीयूवर सोनेरी स्टिकर चिकटवत होती: हे यंत्र सुरक्षित. पतसंस्थेचा मॅनेजर वहिनींना म्हणाला, "एक तारखेला काही होणार नाही ना?"

"ठाऊक नाही. बघितलंय सगळं, पण ठाऊक नाही. म्हणून त्या सकाळी मी इथे येऊन बसणार आहे."

"आणि स्टिकर?"

"स्टिकर येऊन बसणार आहे का?"

त्या बसल्या. काही झालं नाही. मॅनेजरने पुढे मला खासगीत सांगितलं की, त्याला स्टिकर मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

आता गाऱ्हाण्याचं. कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं: आमच्याकडे गावच्या देवापुढे उभं राहून एकजण मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. झालंगेलं सांगतो, चुकलंमाकलं पदरात घे म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. त्यात विचार करायला वेळ नसतो. हात जोडलेले असतात, तोंड आपोआप उघडतं.

आमच्याकडे एकदा पतसंस्थेच्या फाइलवर दुसरीच फाइल चढली आणि आठवड्याचं काम पुसलं गेलं. ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघत होते. दीर वायरिंगला दोष देत होता. कुणी हवामानाचंही नाव घेतलं. वहिनी उठल्या, भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरपुढे जाऊन उभ्या राहिल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बा देवा म्हाराजा! काल फाइल चढवली ती मी. घाईत चढवली. बघितलं नाही."

दारातून चहाची किटली घेऊन मामा येत होते. मामा म्हणजे आमचे शिपाई, पावसच्या बाजूचे, गावच्या पालखीचे मानकरी. त्यांनी किटली खाली ठेवली आणि सवयीने आरोळी दिली, "व्हय म्हाराजा!"

आम्ही हसून हसून खुर्च्यांवर पडलो. पण मग दीर उठला आणि हात जोडून म्हणाला की, आदल्या दिवशीची नक्कल काढून ठेवायची ती त्याने काढली नव्हती. "व्हय म्हाराजा!" तेव्हापासून दर शनिवारी गाऱ्हाणं सुरू झालं. नियम एकच होता. आपली चूक सांगायची. दुसऱ्याची सांगायची नाही. "त्याची तो सांगेल," वहिनी म्हणायच्या, "नाही सांगितली तर त्याचं तो आणि म्हाराजा बघून घेतील."

काही वर्षांनी मला पुण्यात एका शिबिरात बसायचा योग आला. एक तरुण, ज्याचे बूट फारच स्वच्छ होते, तो आम्हाला 'अजाइल' नावाची नवी विचारधारा समजावत होता. थोडं थोडं करा, लवकर दाखवा, आपल्या चुका एकत्र बसून बघा, आणि रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याने बैठक घ्या. "उभ्याने का?" त्याने आम्हाला विचारलं. मला उत्तर येत होतं. आमच्याकडे धड खुर्च्या कमी होत्या. पण त्याच्या पडद्यावरच्या चित्रांत ते कारण नव्हतं, म्हणून गप्प बसलो.

मात्र तुम्ही वहिनींना संत समजू नका. त्या तुसड्या होत्या. कुणी स्तुती केली तर अंगावर पाल पडल्यासारख्या झटकायच्या. त्यांच्या त्या 'ठाऊक नाही'मध्ये कधीकधी शुद्ध गर्व असायचा. मी एकदा तसं म्हटलंही. "वहिनी, ही नम्रता आहे की हट्ट?" त्यांनी चष्मा काढला. मी म्हटलं, "राहू दे, उत्तर ठाऊक आहे."

मग बागायतदार संघाचं काम आलं. संघाचं नाव सांगत नाही; अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, तेवढं पुरे. आसपासच्या गावांतले बागायतदार हापूसच्या पेट्या पावसच्या रस्त्यावरच्या संघाच्या शेडमध्ये आणून देत आणि तिथून ट्रक मुंबईला सुटत. पेटीवर शाईने मारलेला मार्क बघून कारकून चिठ्ठीपुस्तकात लिहायचा: पेटी कुणाची, मुंबईत कुठल्या दलालाकडे जायची, कुठल्या ट्रकमध्ये चढवायची. हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं होतं. आमच्या हातात आलेलं सगळ्यात मोठं काम. खरं सांगायचं तर तेवढंच काम. पतसंस्था एव्हाना स्टिकरवाल्यांकडे गेली होती.

प्रोग्रॅम बरा झाला. वहिनी शनिवारचं गाऱ्हाणं शेडमध्येच घालू लागल्या. गवतात पाय पसरून बसलेले बागायतदार पडद्याला नावं ठेवायचे आणि वर "व्हय म्हाराजा" म्हणायचे. त्यांना ते फार आवडलं. घरी त्यांचं इतकं कुणी ऐकून घेत नसावं.

पण भाऊसाहेबांना उद्घाटन हवं होतं. मुंबईहून बडे पाहुणे येणार, ते बटण दाबणार, आणि त्याच क्षणी चिठ्ठीपुस्तक कायमचं बंद. त्याला हार घालून समारंभपूर्वक निरोप द्यायचा, अशी कल्पना होती. आणि वहिनींनी व्यासपीठावर एका प्रमाणपत्रावर सही करायची: 'सदर संगणक प्रणाली सर्वार्थाने परिपूर्ण व दोषरहित असून.' पुढचं मला आठवत नाही. 'दोषरहित असून' एवढ्यावरच माझं मुद्रितशोधकाचं मन अडकून पडलं.

कमिटीच्या बैठकीला मी वहिनींबरोबर होतो.

"प्रोग्रॅम तयार आहे ना?" भाऊसाहेब म्हणाले.

"आहे."

"त्यात चुका आहेत?"

"असणार."

"कुठल्या?"

"ठाऊक नाही. ठाऊक असत्या तर ठेवल्या असत्या का?"

एक संचालक हसले. "वहिनी, डॉक्टर असं बोलला तर पेशंट उठून जाईल."

"चांगला डॉक्टर 'चार दिवसांनी परत दाखवा' म्हणतो. 'तुम्ही आता अमर' असं सर्टिफिकेट देत नाही." मग त्या थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, "भाऊसाहेब, यंदाचा हंगाम दोन्ही चालू द्या. चिठ्ठीही आणि कॉम्प्युटरही. पेटी भरली की आंबा आपल्यासाठी थांबत नाही. भलत्या दलालाकडे गेली तर परत आणेपर्यंत त्यात रसच उरेल. आंबा ज्याचा त्याचं वर्ष जाईल. माझं काय, मी 'नको' दाबून मोकळी."

"एका कामाला दोन-दोन पद्धती? लोक हसतील."

"हसू देत. रडण्यापेक्षा बरं."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "पुण्याची पार्टी सही करायला तयार आहे. आजच्या आज."

"करतील की. त्यांना पुण्यात आंबा कापूनच मिळतो."

"विचार करा. कार्यक्रमापर्यंत."

 संघाचं काम गेलं तर माडी रिकामी होणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तसं बघायचं तर एक सहीच होती. देशात रोज किती जण काय काय दोषरहित असल्याच्या सह्या करत असतील. वहिनींना ती करता येत नव्हती, जसं काही लोकांना शिट्टी वाजवता येत नाही.

समारंभ थाटाचा झाला. व्यासपीठावर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला हार. बाजूला एका खांबावर लाल रंगाचं भलंमोठं बटण. ते मंडपवाल्याने केलं होतं. त्याची वायर टेबलक्लॉथच्या आत जाऊन संपत होती. मंडपाच्या मागे वहिनी उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. 

"कंपनी बुडेल ना हो?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

त्या फस्सकन हसल्या. "शिकलात."

पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या पडल्या. पडद्यावर काही झालं नाही, कारण व्हायचं नव्हतंच. मग निवेदकाने "या प्रणालीच्या जननी" असं म्हणून वहिनींना पुढे बोलावलं. चांदीच्या ताटात प्रमाणपत्र आलं, शेजारी पेन, वर अक्षता. भाऊसाहेबांनी स्वतः ताट धरलं होतं.

वहिनींनी माइक घेतला. पेन घेतलं नाही. चपला काढल्या, माझ्यासमोर त्यांनी कॉम्प्युटरपाशी चपला काढल्या त्या तेवढ्याच. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

 मागच्या रांगेत लोकांनी टोप्या सारख्या केल्या.

"आज तुझ्या लेकरांनी हे नवं यंत्र तुझ्या पायाशी आणून ठेवलंय, ते गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!" पहिला आवाज मामांचा होता.

"हे माणसांनी केलंय. म्हणजे ह्यात चुका असणार. त्या आम्हाला अजून गावल्या नाहीत!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा मंडप.

"ज्याला त्या गावतील त्याला बोलायची बुद्धी दे, आणि आम्हाला ऐकायची दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्या गावेपर्यंत चिठ्ठीपुस्तक बंद करायची बुद्धी कोणाला म्हणून देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप. पाहुणे मुंबईचे असले तरी मूळचे आपल्याच भागातले; तेही हात जोडून म्हणाले. आणि भाऊसाहेब? त्यांच्या हातात ताट होतं, जोडायला हात मोकळे नव्हते, पण ओठ हलले. मी बघत होतो. गाऱ्हाण्याला तोंड मिटून उभा राहील असा माणूस अजून आमच्याकडे जन्माला यायचा आहे. देवापुढे सगळ्या गावाने एका सुरात मान्य केलेली गोष्ट कमिटीला फिरवता येईना. प्रमाणपत्र अक्षतांखाली बिनसहीचंच राहिलं. चिठ्ठीपुस्तकासाठी आणलेला हारही कॉम्प्युटरच्याच गळ्यात पडला.

चूक गावली ती ऐन हंगामात. दोन भाऊ होते, बागा वाटून वेगळे झालेले, एकमेकांशी बोलत नसलेले. मार्क मात्र दोघांनीही वडिलांचाच ठेवला होता, हक्काचा म्हणून. थोरला तो तांबड्या शाईने मारायचा, धाकटा निळ्या. कॉम्प्युटरला रंग ठाऊक नव्हता. त्याने दोघांच्या पेट्या एकत्र करून थोरल्याच्या दलालाकडे लावल्या. कारकुनाच्या चिठ्ठीत 'तां' आणि 'नि' अशी बारीक अक्षरं होती, म्हणून ट्रक भरताना घोळ लक्षात आला आणि धाकट्याच्या पेट्या त्याच्या दलालाकडे गेल्या. तांबडं-निळं प्रत्येक शनिवारी तिथे बसणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत, म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं.

वहिनींनी दोघा भावांना पडद्यापुढे एकाच बाकावर बसवलं.

"तेला सांगा," थोरला समोर बघत म्हणाला, "मार्क माजा हाय."

"तेला सांगा, बापाचा हाय."

"मी कशाला सांगू? तो तुमच्या मांडीला मांडी लावून बसलाय," वहिनी म्हणाल्या. "मला फक्त रंग सांगा."

दोघांनी पडद्याकडे पाहिलं. मग थोरला म्हणाला, "तांबडा माजा. निळा... बाळूचा." कित्येक वर्षांनी त्याने धाकट्याचं नाव घेतलं, असं मामा म्हणाले. धाकटा उठून बाहेर गेला आणि पानाची पिंक टाकून परत येऊन बसला. थोडा जवळ बसला. त्या शनिवारी वहिनींनी गाऱ्हाणं घातलं, "रंग विचारायचं मला सुचलं नाही, म्हाराजा," आणि आरोळीत दोघा भावांचे आवाज वेगवेगळे ओळखू येत होते.

हंगामात आणखी चुका निघाल्या, दुरुस्त झाल्या. एकाही माणसाची पेटी वाया गेली नाही. संघाच्या वार्षिक सभेत भाऊसाहेबांनी अहवाल वाचला: चालू प्रणालीत वर्षभरात अनेक दोष आढळून आले असून, पुढील वर्षापासून काम पुण्याच्या कंपनीस देण्यात येत आहे. दोष आढळून आले, हे खरंच होतं. आम्हीच तर दर शनिवारी ओरडून सांगत होतो. वहिनींना मी म्हटलं, निदान उठून बोला. त्या म्हणाल्या, "काय बोलू? 'अनेक' म्हणजे कमीच सांगितलेत त्यांनी."

माडी काही महिने तग धरून राहिली. मग वहिनींच्या यजमानांची नागपूरला बदली झाली आणि पाटी उतरवायचं ठरलं. शेवटच्या शनिवारी आम्ही कॅलेंडरपुढे उभे राहिलो. आता खुर्च्या पुरेशा होत्या, कारण माणसं कमी झाली होती. तरी उभेच राहिलो. दिराने काहीतरी सांगितलं, मी काहीतरी सांगितलं. मग वहिनींनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा. तेव्हा सही केली असती तर ही माणसं आज कामाला असती. मी केली नाही. माझं चुकलं असेल, म्हाराजा."

आम्ही सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.  मागून मामा पुढे आले. वहिनींच्या शेजारी उभे राहिले आणि पालखीपुढे द्यावी तशी छाती भरून आरोळी दिली.

"नाय म्हाराजा!"

वहिनींनी चष्मा काढला. पुसायला बराच वेळ लागला.

पुण्याच्या कंपनीने 'दोषरहित' प्रमाणपत्रावर सही केली. ते चौकटीत घालून संघाच्या ऑफिसात लावलं, आणि चिठ्ठीपुस्तक त्याच दिवशी बंद झालं. प्रणाली त्या हंगामात एकदाही चुकली नाही. त्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर झडला आणि शेडमध्ये पेटी आलीच नाही.